सिंगापुरात शाकाहारी जेवण: काय विचारायचं, कुठे बसायचं, कसं मागवायचं

आई-बाबा पहिल्यांदा सांगलीहून सिंगापूरला आले तेव्हाची गोष्ट. एका फूड कोर्टात मी आईसाठी गरम भात आणि परतलेली हिरवी पालेभाजी घेतली. काउंटरवर ‘ओन्ली व्हेजिटेबल?’ असं विचारलं होतं आणि ‘येस, व्हेजिटेबल’ असं उत्तरही मिळालं होतं. आईने दोन घास खाल्ले आणि देठाला चिकटलेलं काहीतरी चमच्याच्या टोकाने बाजूला काढलं. शेंगदाण्याच्या पाकळीएवढं, फिकट गुलाबी, टोकाला वळलेलं. सुकी कोळंबी होती ती. आई काही बोलली नाही. ताट हळूच पुढे सरकवलं, चूळ भरून आली आणि संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

काउंटरवरच्या माणसाने मला फसवलं नव्हतं. मी भाजी मागितली, त्याने भाजी दिली. इथल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत सुकी कोळंबी म्हणजे आपल्याकडे फोडणीत मोहरी असते तशी; तिला कुणी ‘मांसाहार’ म्हणून मोजतच नाही. त्या दिवसापासून मी ‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न विचारायचं सोडलं. त्याऐवजी एकेक जिन्नस नावानिशी विचारते. हा लेख त्याच सवयीबद्दल आहे. आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना घेऊन सिंगापूरला येणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ती यावी असं मला मनापासून वाटतं.

आधी आपल्या घरचा शाकाहार ठरवा

विमानात बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला बसवून हे विचारा. अंडं चालतं का? केकमधलं चालतं पण आम्लेट नाही, असं काही आहे का? कांदा-लसूण? श्रावणात किंवा चातुर्मासात येणार असाल तर तेव्हा? कंदमुळं? मशरूम? ज्या कढईत आधी मासे परतले त्याच कढईतली भाजी धुऊन केली तर चालेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच आपण टाळतो. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी फक्त संपूर्ण शाकाहारी ठिकाणं निवडायची, मिश्र स्टॉलवर थांबायचंच नाही. हे आधीच ठरलं की रस्त्यात भुकेल्या पोटी वाद होत नाहीत.

भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका आपण डोळे मिटून मानतो. सिंगापुरात तसा सक्तीचा ठिपका नाही. उलट इथे दुकानांच्या दारावर आणि पाकिटांवर हिरव्या रंगाचं एक चिन्ह खूप दिसतं, ते हलाल प्रमाणपत्राचं असतं. त्याचा शाकाहाराशी संबंध नाही. नवीन आलेली मंडळी घाईत इथे हमखास चुकतात.

एकाच शहरातले वेगवेगळे शाकाहार

सिंगापूरच्या अधिकृत भाषा चार: मलय, चिनी (मँडरिन), तमिळ आणि इंग्रजी. शाकाहाराचा अर्थही या भाषांबरोबर बदलतो.

तमिळ ‘सैवम्’ आपल्या सगळ्यात जवळचा. दूध, दही, तूप चालतं. मांस, मासे, अंडं नाही. सैवम् पाटी असलेल्या ठिकाणी आई निर्धास्त जेवते.

चिनी ‘सू’ म्हणजे बौद्ध परंपरेतला शाकाहार, आणि आपल्याकडच्या लोकांना तो सगळ्यात कमी माहीत असतो याची मला फार चुटपुट वाटते. पारंपरिक ‘सू’मध्ये मांस-मासे तर नाहीतच, शिवाय पाच उग्र वासाच्या वनस्पतीही वर्ज्य असतात. कांदा, लसूण, पातीचा कांदा आणि त्याच कुळातल्या भाज्या त्यात येतात. जुन्या ग्रंथांतल्या यादीतलं एक नाव तर थेट आपल्या ‘हिंगू’वरून, म्हणजे हिंगावरून गेलेलं आहे. श्रावण पाळणाऱ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक म्हणजे आपल्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक. इथे तो रोज सकाळी रस्त्यावर मिळतो.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. एक, ‘सू’ स्टॉलवर अंडं असू शकतं. दुसरी, तिथे मांसासारखे दिसणारे पदार्थ असतात. गव्हाचं ग्लुटेन, सोयाबीन, कोन्याकू नावाच्या कंदाचं पीठ यांपासून बदक, कोळंबी, मासा यांचे हुबेहूब आकार करतात. चव आणि पोतही तसाच. काही प्रकारांत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधाची पावडर असते. आईला तो आकारच नको वाटला आणि मी आग्रह केला नाही. ‘नो मॉक मीट, ओन्ली टोफू अँड व्हेजिटेबल’ एवढं सांगितलं की काम होतं.

जैन कुटुंबांना ‘सू’ अर्धा उपयोगी पडतो. कांदा-लसणाचा प्रश्न सुटतो, पण गाजर, पांढरा मुळा, अळूचा कंद आणि मशरूम भरपूर असतात. त्यांनी पानकोबी, टोफू, फरसबी आणि हिरव्या पालेभाज्या बोट दाखवून निवडाव्यात.

मलय स्वयंपाकात नारळाचं दूध, चिंच, शेंगदाणे, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) असं खूप काही आपल्या जिभेचं आहे. कोकणी माणसाला तर घरचंच वाटेल. पण वाटणात बहुधा ‘ब्लाचान’ असतं, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. पेरानाकान, म्हणजे मलय-चिनी मिश्र घराण्यांच्या स्वयंपाकातही तेच. ‘व्हीगन’ पाटीची नव्या पद्धतीची कॅफे शहरभर आहेत. तिथे दूधही नसतं, त्यामुळे शंका नाही, फक्त बिल जड असतं.

पहिले दोन दिवस लिटिल इंडिया

प्रवासाने थकलेल्या ज्येष्ठांना पहिल्याच जेवणाला प्रयोग करायला लावू नका. लिटिल इंडिया मेट्रो स्थानकावर उतरा आणि सेरंगून रोडवर या. कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह इथे १९४७ पासून आहे, आनंद भवन त्याहून जुनं, १९२४ चं. बेंगळुरूचं एमटीआरही याच रस्त्यावर आहे. कुलाब्याच्या कैलास पर्बतची शाखाही याच भागात आहे, मुलांनी पाणीपुरीचा हट्ट धरला तर तिकडे न्या. इडली, डोसा, केळीच्या पानावरचं जेवण, ताक, रसम. पोट आणि मन दोन्ही जागेवर येतं.

इथेही एक गोष्ट लक्षात ठेवा. केळीचं पान दिसलं म्हणजे शाकाहारी, असं समजू नका. शेजारच्या रेसकोर्स रोडवरची केळीच्या पानाची अनेक उपाहारगृहं माशाच्या डोक्याच्या कालवणासाठी प्रसिद्ध आहेत. पाटीवर ‘व्हेजिटेरियन’ शब्द वाचूनच आत शिरा. टेक्का सेंटर हे तिथलं मोठं बाजार-खाद्यकेंद्र बघण्यासारखं आहे, पण तळमजल्यावर मासळी आणि मटणाचा बाजार आहे. वास सहन न होणाऱ्यांना बाहेरच थांबू द्या.

मग वॉटरलू स्ट्रीट आणि फॉर्च्युन सेंटर

तिसऱ्या दिवशी हिंमत करा, आणि सुरुवात वॉटरलू स्ट्रीटने करा. या रस्त्यावर क्वान यिम देवीचं मंदिर आणि श्रीकृष्णाचं मंदिर जवळजवळ एकमेकांना लागून आहेत. क्वान यिम म्हणजे करुणेची देवता, बौद्धांचा अवलोकितेश्वर. तिच्या दर्शनाला आलेले चिनी भाविक कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावून जातात. आईने ते पाहिलं आणि तिचा अर्धा संकोच तिथेच गेला.

मंदिरांच्या आसपास शाकाहाराची वस्ती असणारच, जशी आपल्याकडे देवळाच्या वाटेवर उपवासाच्या पदार्थांची असते. दोन-चार मिनिटांवर मिडल रोडवर फॉर्च्युन सेंटर ही जुनी इमारत आहे. तिच्या खालच्या मजल्यांवर चिनी, आग्नेय आशियाई अशा शाकाहारी खानावळी दाटीवाटीने आहेत. बेनकूलेन मेट्रो स्थानक जवळ पडतं.

आईचं तिथलं पहिलं जेवण मला जसंच्या तसं आठवतं. सकाळचे नऊ वाजले होते. काचेच्या कपाटामागे पांढरे केस बांधलेली आंटी, तिच्यापुढे दहा-बारा परातींत पदार्थ. मी ‘वेजिटेरियन बी हून’ मागितलं. तांदळाच्या बारीक शेवया, आपल्या उकडशेवयांसारख्याच, फक्त परतलेल्या. त्यावर मऊ शिजवलेला पानकोबी, सोयाच्या दुधावरच्या सायीचा तळलेला कुरकुरीत पापुद्रा, काळ्या मशरूमचे तुकडे आणि बाजूला लाल मिरचीची चटणी. मी विचारलं, ‘आंटी, नो एग, नो प्रॉन, कॅन?’ ती म्हणाली, ‘कॅन, कॅन. नो अनियन, नो गार्लिक ऑल्सो.’ आईला शेवटचे शब्द समजले. तिने तिथल्या तिथे हात जोडले, आंटीनेही जोडले. मग आईने चटणीचं बोट चाटून पाहिलं, आणखी मागून घेतली आणि प्लेट पुसून संपवली. अशी प्लेट साधारण ३ ते ५ सिंगापूर डॉलरमध्ये मिळते, वर किती पदार्थ घेता त्यावर भाव ठरतो.

हे स्टॉल सकाळचे असतात. नाश्ता आणि दुपारचं जेवण झालं की बरेचसे आवरतात, म्हणून संध्याकाळच्या भरवशावर राहू नका.

आता एक युक्ती सांगते, ती मला फार आवडते. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध आणि ताओपंथी लोक शाकाहार पाळतात. हे दिवस ओळखायला आपलं कालनिर्णय पुरतं. चिनी महिना आपल्या अमांत महिन्यासारखाच चंद्रावर चालतो, त्यामुळे पहिला दिवस अमावास्येला किंवा दुसऱ्या दिवशी आणि पंधरावा पौर्णिमेच्या आसपास पडतो. त्या दिवशी शाकाहारी स्टॉलवर जास्त पदार्थ आणि दुप्पट रांग असते. अकराच्या आत पोहोचा. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. भाविक पांढरे कपडे घालतात, शाकाहार पाळतात आणि ठिकठिकाणी शाकाहारी स्टॉलवर पिवळी निशाणं लागतात. बहुतेक वर्षी हे नऊ दिवस आपल्या शारदीय नवरात्राबरोबरच येतात. चिनी अधिक महिना वेगळा पडला तर पुढे सरकतात. नवरात्रात येणार असाल तर हा योग चुकवू नका.

पाहुण्यांना जरा निवांत, टेबलावर बसून जेवायला न्यायचं असेल तर तांजोंग पगार भागात पेक सेआ स्ट्रीटवर होल अर्थ आहे. पेरानाकान आणि थाई पदार्थ पूर्ण शाकाहारी करतात, मिशेलिनच्या ‘बिब गुर्मां’ यादीतही (माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्यांची यादी) त्याचं नाव आलेलं आहे. त्यांचं मशरूमचं रेंदांग मी पाहुण्यांसाठी नेहमी मागवते. खोबऱ्याचं भाजकं वाटण खाणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

हॉकर सेंटरमध्ये पाऊल टाकताना

हॉकर सेंटर म्हणजे एका छताखाली अनेक छोटे खाद्यस्टॉल. सिंगापुरात अशी शंभराहून जास्त खाद्यकेंद्रं आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शाकाहारी माणसाने इथे जायचं टाळू नये, फक्त क्रम पाळावा.

आधी जागा धरा. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल घेतलेलं, याला ‘चोप’ म्हणतात. दुसऱ्याचं पाकीट दिसलं तर तिथे बसू नका. मग एकट्याने पूर्ण चक्कर मारा आणि पाटीवर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेला स्टॉल शोधा. अनेक केंद्रांत एखादा तरी असतो, कधी अगदी कोपऱ्यात. तो सापडला की बाकीचे प्रश्न निम्मे होतात. शाकाहारी ठिकाणं दाखवणाऱ्या हॅपीकाऊ अ‍ॅपवर आधी पाहून गेलात तर चक्करही वाचते.

विचारताना लहान वाक्यं बोला. वयस्कर विक्रेत्यांना आंटी, अंकल म्हणायचं, इथली तीच रीत. शेवटी ‘कॅन?’ लावा. ‘नो एग, कॅन?’ याचं उत्तर ‘कॅन’ किंवा ‘कॅनॉट’ असं स्वच्छ येतं. लांबलचक इंग्रजी वाक्यात आपण धर्म, व्रत, नियम समजावत बसतो आणि समोरचा गोंधळून ‘येस येस’ म्हणतो. 

हे थोडे शब्द पाठ करा. चिनी विक्रेत्याला: ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी. ‘पू याओ तान’, अंडं नको. सुकी कोळंबी म्हणजे ‘श्यामी’. मलय विक्रेत्याला: ‘अदा ऊदांग?’, कोळंबी आहे का? मासे म्हणजे ‘ईकान’, अंडं ‘तेलुर’, कांदा ‘बावांग’. तमिळ विक्रेत्याला: ‘मुट्टै वेण्डाम्’, अंडं नको, मासे म्हणजे ‘मीन’. उच्चार चुकला तरी चालतं. प्रयत्न दिसला की माणसं थांबतात, पळी खाली ठेवतात आणि नीट ऐकतात. शंका असेल तर वाक्य फोनवर भाषांतरित करून दाखवा.

बांधून हवं असेल तर ‘ताबाव’ म्हणा. पण डबा मेट्रोत उघडू नका, तिथे खाणं-पिणं दंडाचं आहे, ५०० डॉलरपर्यंत. खाऊन झालं की ट्रे स्वतः परत ठेवायचा. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये याची अंमलबजावणी सुरू आहे. ठेवण्याची जागा हलाल आणि बिगर-हलाल अशी वेगळी असते, पाटी वाचून ठेवा. आपला शाकाहार इतरांनी जपावा असं वाटतं, तर त्यांचा नियमही आपण जपला पाहिजे.

कशात काय लपलेलं असतं

हा भाग फोनमध्ये जतन करून ठेवा.

सांबाल, म्हणजे लाल मिरचीचं वाटण: ब्लाचान धरूनच चाला. पूर्ण शाकाहारी स्टॉलवरचं सोडून.

लाक्सा (रश्शातल्या शेवया): रस्सा नारळाच्या दुधाचा, पण वाटणात सुकी कोळंबी. नासी लमाक: भात नारळाच्या दुधातला, उत्तम, वर मात्र ‘ईकान बिलिस’ नावाचे छोटे सुके मासे. चार क्वे तियाव (परतलेल्या तांदळाच्या रुंद शेवया): डुकराची चरबी. चिनी रोजाक ही फळांची कोशिंबीर दिसते, तिच्यावरचा काळा रस कोळंबीचा असतो. योंग ताऊ फूमध्ये भाज्या आपण निवडतो, पण उकळता रस्सा बहुधा सुक्या माशांचा. पालेभाजीवरचा चकचकीत तपकिरी रस ऑयस्टर सॉसचा, म्हणजे कालवांचा असू शकतो. ‘कॅरट केक’ ऐकून मुलं धावतील. तो मुळ्याचा असतो आणि अंड्यात परतलेला.

रोटी पराठा (इथे ‘प्राटा’ म्हणतात) सगळ्यांना आवडतो. दोन प्रश्न विचारा: पिठात अंडं आहे का, आणि सोबत डाळ मिळेल का. न विचारता माशाची किंवा मटणाची करी येऊ शकते. तवा अंड्याच्या प्राट्याबरोबर एकच असतो, कडक पाळणाऱ्यांनी तो सैवम् उपाहारगृहातच खावा. गाडो-गाडोमध्ये (शेंगदाण्याच्या रसातल्या भाज्या) उकडलेलं अंडं आणि कोळंबीचे पापड येतात.

थाई आणि व्हिएतनामी जेवणात फिश सॉस, जपानी रश्श्यात बोनिटो माशाचा अर्क, कोरियन किमचीत आंबवलेली मासळी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

चहा-कॉफी

‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड दूध घातलेली गोड कॉफी, ‘कोपी-ओ’ बिनदुधाची गोड, ‘कोसोंग’ जोडलं तर बिनसाखरेची, ‘सिउ दाय’ म्हणजे कमी गोड. चहाला ‘ते’. आपल्या आल्याच्या चहाची आठवण आली तर ‘ते हालिया’ मागा. मधुमेही बाबांसाठी ‘ते सी कोसोंग’, म्हणजे बाष्पित दुधाचा, बिनसाखरेचा. सोबतच्या ‘काया’ टोस्टवरचा नारळाचा जॅम अंड्याचा असतो.

बिल

मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली की १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागतो. २० डॉलरचा पदार्थ २३.९८ ला पडतो. टिप द्यायची पद्धत नाही. चिनी उपाहारगृहात बसल्या बसल्या शेंगदाणे, लोणचं, ओला रुमाल पुढे येतो. त्याचे पैसे लागतात, नको असेल तर लगेच परत करा. हॉकर सेंटरला सेवाशुल्क नसतं, पण सुटे पैसे जवळ ठेवा.

गोडाचं विसरू नका

चेंडोल (नारळाच्या दुधातल्या हिरव्या शेवया आणि ताडगूळ), सोयाच्या दुधाचा थरथरता ताऊ हुए, आणि सागो गुला मलाका: साबुदाणा, नारळाचं दूध, ताडगूळ. आईच्या मते ती साबुदाण्याची खीरच आहे, वेलची विसरलेली.

पण सगळ्यात आधी पुतू पिरिंग खा. तांदळाच्या पिठीची छोटी वाफवलेली चकती, पोटात वितळलेला ताडगूळ, सोबत किसलेला ओला नारळ आणि पांदानच्या पानाचा वास. एकादशी-चतुर्थी घरी पाळणारी माझी आई पहिला घास घेऊन म्हणाली, ‘अगं, हे तर सारण आत गेलेलं मोदकच.’ चार घ्या, गरम असतानाच, तिथेच उभ्याने. फक्त लगेच चावा घेऊ नका, आतला गूळ उकळता असतो.